एक थर तुझा, एक थर माझा

हे लिहून ठेवायचं सुगतच्या मनात नव्हतंच. दोनदा फोनवर टाइप करायला घेतलं आणि दोनदा पुसून टाकलं. एक तर यात त्याच्या आईची गोष्ट येणार होती, आणि ती काही तिची तारीफ करणारी नव्हती. दुसरं म्हणजे मुताच्या भिंतीबद्दल कोण वाचणार? शेवटी आईच म्हणाली, झालं ते झालं, लिहायला कायची लाज. मग त्याने लिहिलं. जेवता जेवता, भिंतीवर पाणी मारता मारता, मध्येच हात पँटला पुसून, जसं आठवेल तसं.

तर मुतापासूनच सुरू करू.

चंद्रपूरच्या बाहेर राखेचे डोंगर आहेत. कोळसा जाळून वीज केली, वीज गेली देशभर, राख राहिली इथे. उन्हाळ्यात वारा सुटला की ती भातात येते, डोळ्यांत येते, वाळत घातलेल्या कपड्यांत येते. या राखेचं घर बांधता येतं हे जेव्हा निघालं, तेव्हा सुगत दुर्गे अकरावी अर्ध्यात सोडून मोबाइल दुरुस्तीच्या टपरीवर बसत होता. त्याने ते व्हिडिओ बघून, न समजलेले शब्द शोधून शोधून, स्वतःच समजून घेतलं. त्याला समजलं ते असं.

मातीत एक साधा जिवाणू असतो. युरिया मिळाला की हा जिवाणू तो फोडतो. त्यातून कार्बोनेट निघतं, आणि जवळपास कॅल्शियम असलं की दोघं मिळून चुनखडीचा बारीकसा खडा होतात. हा खडा नेमका बसतो तिथे, जिथे राखेचे दोन कण एकमेकांना टेकलेले असतात. असे अब्जावधी खडे झाले की राखेचा दगड होतो. भट्टी नाही, सिमेंट नाही. युरिया माणसाच्या लघवीत फुकट. कॅल्शियम कागद गिरणीच्या चुन्याच्या गाळात. जिवाणू तेवढा जिवंत ठेवायचा, बस. आणि काम झालं तरी तो मरत नाही, दगडात झोपून राहतो. पुढे कधी भेग पडली आणि तिथे पाणी-खुराक पोचला, तर उठतो आणि भेग बुजवतो.

सरकारी कागदांत या जिवाणूच्या पाण्याला लांबलचक नाव होतं. वस्तीतल्या बायकांनी ते एका दिवसात टाकून दिलं. घट्ट बसतं, वास मारतं, आणि थोडं राखून ठेवलं की पुढचं लागतं. मग त्याला विरजणच म्हणणार ना. नवीन घर सुरू झालं की रांगेतल्या शेजारच्या घरून वाटीभर विरजण यायचं. एका रांगेतली घरं अशी एकमेकांची नातलग झाली. ‘ते आमच्याच विरजणातले’ असं लोक कौतुकाने सांगायला लागले.

योजनेचं नाव होतं हातघर. अठरा ते पंचवीस वयाच्या पोरापोरींनी बांधकाम शिकायचं, आणि ज्याने बांधलं त्याच्या घरच्यांनी त्यात राहायला जायचं. सुरुवातीला कोणी फिरकलं नाही. मूत गोळा करायला जायचं म्हटल्यावर कोण येणार? मग पहिली भिंत उभी राहिली. भर उन्हात तिला आतून हात लावला तर गार. त्यानंतर रांग लागली.

काम जोडीने असायचं. दोन घरं, मध्ये एक भिंत. ही मधली भिंत दोघांनी मिळून चढवायची, एक थर तुझा, एक थर माझा, म्हणजे कोणी अंग चोरायला नको. तपासणीत दोन्ही घरं सोबत पास, नाहीतर सोबत नापास.

सुगतची जोडी मल्लेश कोंडावारशी. शाळेपासूनचा दोस्त. बोलायचा मराठीत, रागवायचा तेलुगूत. आईवडील गेल्यावर त्याला मोठ्या बहिणीने, पोशक्काने वाढवलं होतं. ती शाळेच्या खिचडीच्या चुलीवर कामाला होती. मल्लेशच्या हातात धुम्मस असली की बघत राहावं. फळ्यांच्या साच्यात ओली राख टाकायची आणि वरून धुम्मस आपटून ती दाबायची, एवढंच ते काम. पण तो आपटायचा तर आवाजावरून कळायचं की खाली पोकळ राहिलेलं नाही. सुगतला मिश्रण जमायचं, ओळंबा जमायचा नाही. त्याची पहिली भिंत अशी तिरपी गेली की मल्लेश म्हणाला, “काय बे, भिंत बांधून राहिला का घसरगुंडी?” आणि मग दिवसभर त्याच्या मागे उभा राहून ओळंब्याची दोरी कशी स्थिर होऊ द्यायची ते दाखवत बसला. सुगतचे हात शिकले ते तेव्हा. व्हिडिओ बघून हात शिकत नाहीत, हे त्याला फार उशिरा कळलं.

सुगतला घाई होती, आणि कशाची ते सगळ्यांना माहीत होतं. त्याची आई शीलाबाई पत्र्याच्या खोलीत राहायची. गेल्या मे महिन्यात ती चुलीपुढे चक्कर येऊन पडली होती. डॉक्टर म्हणाले, पुढचा उन्हाळा पत्र्याखाली काढू नका. म्हणजे यंदा मे लागायच्या आत घर पाहिजे होतं. बस, एवढंच पाहिजे होतं.

बाकी भिंती झाल्या, ठोकून बघितल्यावर छान वाजल्या. शेवटी मधली भिंत झाली. मग योजनेच्या इंजिनिअर कुंभलकर मॅडम तपासायला आल्या.

त्यांच्याकडे हातात मावेल असं एक यंत्र होतं. ते भिंतीला टेकवलं की आत एक बारीकसा ठोका जातो आणि पलीकडच्या यंत्राला तो किती वेळात ऐकू येतो ते मोजलं जातं. भिंत एकजीव असली तर ठोका झपकन पोचतो, हिरवा दिवा. आत भुसभुशीत असलं तर अडखळतो, लाल. मॅडमनी थराच्या मधोमध यंत्र लावलं, हिरवा. जरा वर, दोन थरांच्या सांध्यावर लावलं, लाल. आणखी वरचा सांधा, लाल. मॅडम सांध्यांवरून यंत्र फिरवत वर गेल्या. सगळे लाल.

सुगतने खिशातला स्क्रू-ड्रायव्हर सांध्यात घातला. तो पिठात जावा तसा आत गेला.

नमुना तपासून आला तेव्हा कळलं की भिंतीत दोन विरजणं होती. सुगतच्या थरात त्यांच्या रांगेचं, मल्लेशच्या थरात तलावाकडच्या रांगेचं. मॅडमनी सगळ्या पोरांना बसवून समजावलं. दोन्ही विरजणं चांगलीच होती. पण जिवाणू आपला खुराक राखायला विष सोडतात, आणि ते विष परक्यांना नाही, जवळच्या नातलगांनाच लागू पडतं, कारण खुराक तेच पळवणार असतात. जिथे दोघं भेटले तिथे दोघंही मेले, आणि राख राखच राहिली.

“म्हणजे भाऊबंदकी,” मागून एक पोरगी म्हणाली. सगळे हसले. मल्लेश हसला नाही.

सुगतने त्याला बाजूला घेऊन विचारलं. मल्लेशने जमिनीकडे बघत सांगितलं, की मधली भिंत सुरू झाली त्या दिवशी अक्काने त्याचं विरजणाचं पिंप घासून धुऊन टाकलं होतं. वास मारतंय म्हणजे खराब झालं, असं तिला वाटलं. खालचा थर ओला असतानाच वरचा चढवायला लागतो, म्हणून तो तलावाकडे गेला आणि त्यांनी लगेच दिलं. एका रांगेचं दुसरीला चालत नाही हे तोवर कोणालाच माहीत नव्हतं.

“पण माझ्याकडे काहून नाही आला? माझं पिंप तर घरीच होतं.”

मल्लेशने त्याच्याकडे एकदा बघितलं. “राहू दे ना बे,” म्हणाला, आणि धुम्मस भिंतीला टेकवून निघून गेला. दुसऱ्या दिवशी तो आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही.

कुंभलकर मॅडम वाईट बाई नव्हत्या. त्यांनाही शीलाबाईंची तब्येत माहीत होती. त्यांनी सुगतला एक मार्ग सांगितला. मधल्या भिंतीला लागून, स्वतःच्या बाजूने, त्याने एक पातळ भिंत एकट्याने चढवायची. त्याच्या विरजणाची, त्याची एकट्याची. बाकी भिंती चांगल्याच आहेत. मे लागायच्या आत त्याचं घर जोडीतून सोडवून पास करता येईल. मल्लेशचं पुढच्या तुकडीत बघू, पावसाळ्यानंतर. मल्लेशला मी सांगितलंय, त्याची हरकत नाही, असंही त्या म्हणाल्या.

सुगत म्हणाला, विचार करून सांगतो. पण घरी जाताना तो विचार करत नव्हता. नव्या घरात आईचा पलंग कुठे लावायचा ते मनात बघत होता.

दरम्यान एक वेगळंच सुरू झालं होतं. तो अहवाल वस्तीत पसरला, आणि पसरता पसरता त्याचं काहीतरी भलतंच झालं. तलावाकडचे लोक आपल्या भिंतींना हात लावतात ते बरं नाही, असं कोणी म्हणालं. त्यांच्या बादल्या आपल्या नळावर नकोत, असं आणखी कोणी. एका सकाळी मूत गोळा करायच्या सामाईक पिंपावर रंगाने लिहिलेलं दिसलं, ‘दुसऱ्या रांगेने शिवू नये’. मॅडमनी ते खरवडून काढलं आणि सगळ्यांना झापलं की एका भिंतीत मिसळू नका एवढंच सांगितलंय, माणसांचा काय संबंध. पण खरवडलं तरी अक्षरं दिसत होती.

त्या दिवशी संध्याकाळी सुगतने आईला मॅडमचा मार्ग सांगितला. त्याला वाटलं ती खूश होईल. शीलाबाई भाकरी थापत होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

“त्यानं तलावावरून कायले आणलं? आपल्याकडे होतं ना.”

“तेच तर. विचारलं तर सांगतच नाही.”

त्यांचा हात थांबला. भाकरी तव्यावर करपायला लागली तरी त्या उलटेनात. सुगतनेच चिमट्याने ओढून काढली.

“आला होता तो,” त्या म्हणाल्या. “तू पहिला थर घालून बल्लारपूरले चुना आणायले गेला होता त्या दिवशी. वाटी घेऊन आला होता. दिवे लागले होते.”

“मग?”

“मंग काय. दिवे लागल्यावर विरजण देते का कोणी? मी म्हटलं, आता नाही देत बाप्पा.”

या घरात देव नव्हते. आजोबांनीच सोडले होते. कोपऱ्यात बुद्धाची छोटी मूर्ती, तिच्यापुढे संध्याकाळी मेणबत्ती, आणि कुठल्याही उपासतापासाला शीलाबाई नाक मुरडायच्या. पण तिन्हीसांजेला मीठ आणि विरजण घराबाहेर द्यायचं नाही, हे त्यांच्या आईचं, आजीचं, त्यांच्या हातात तसंच राहिलं होतं. ते त्यांना देवाधर्माचं वाटतच नव्हतं. चूल पुसण्यासारखं वाटायचं.

“आई, ते दही नव्हतं.”

“मले काय माहीत? तुम्हीच विरजण, विरजण करता.” मग हळू आवाजात, “मी त्याले कारण नाही सांगितलं. नुसतं नाही म्हटलं. दारात उभा होता. पाणी पण नाही विचारलं मी.”

ती काय बोलते ते आता सुगतला पूर्ण कळलं. मल्लेशच्या घरच्यांनी दारातून परत येणं पिढ्यान् पिढ्या बघितलेलं होतं. सुगतच्या घरच्यांनीही. पण दोघांच्या जातींतही खालवर होतं, ते कोणी बोलून दाखवायचं नाही, आणि विसरायचंही नाही. वाटी घेऊन आलेल्या पोराने ‘आता नाही देत’ ऐकलं, तेव्हा त्याला घड्याळ ऐकू आलं नसणार, जात ऐकू आली असणार.

“ते पिंपावर काय लिहिलं होतं, मी वाचलं सकाळी,” शीलाबाई म्हणाल्या. “असलं माझी आजी सांगायची. मी म्हटलं, कोण बाई हे लिहिणारे.” भाकऱ्या तशाच राहिल्या.

सुगतला वाटलं, सकाळी उठून आपण मल्लेशकडे जाऊ आणि समजावून सांगू. पण सकाळी शीलाबाईंनी त्याला थांबवलं. त्याने दिवसभर काम केलं, नुसतंच पाणी मारलं, भिंतीकडे बघितलं. सूर्य बुडाला. वस्तीत एकेक दिवा लागायला लागला. शीलाबाईंनी मेणबत्ती लावली, सुगतच्या पिंपातून स्टीलच्या डब्यात विरजण काढलं, पदर खोचला आणि निघाल्या. वास असा की वाटेतल्या पोरांनी नाकं धरली. सुगत मागे मागे.

पोशक्का दारात बसून तांदूळ निवडत होती. डबा बघून ती उठून उभी राहिली.

“दिवे लागलेत,” शीलाबाई म्हणाल्या. “मुद्दाम आताच आले. त्या दिवशी मी तुझ्या भावाले परत पाठवलं. दिवे लागल्यावर विरजण देत नाहीत म्हणून. दुसरं काही नव्हतं माझ्या मनात, पण मी सांगितलं नाही, आणि त्याचं मन दुखलं.”

पोशक्काने डबा घेतला नाही. आधी शीलाबाईंचा हात धरून त्यांना आत ओढलं, बसवलं, पाणी दिलं. मग म्हणाली, “दिवे लागल्यावर आम्ही पण देत नाही, वहिनी.” आणि मग, “मी ते पिंप फिनाइल टाकून घासलं. दोनदा. वास जाईना म्हणून.” दोघींनी एकमेकींकडे बघितलं. आधी पोशक्काला हसू फुटलं, मग शीलाबाईंना, मग दोघींना डोळे पुसायला लागले.

मल्लेश आतल्या दाराशी उभा होता.

“मले मावशी म्हणतो ना तू?” शीलाबाई त्याला म्हणाल्या. “मंग भांडायचं होतं माझ्याशी. गुपचूप काहून गेला?”

“दारात उभं राहून भांडायची सवय नाही, मावशी,” मल्लेश म्हणाला. रागाने नाही, नुसतं सांगितलं. शीलाबाईंनी मान खाली घातली.

मग तो सुगतकडे वळला. मॅडमची ती वेगळी भिंत घेऊन टाक, म्हणाला. मावशीला या उन्हाळ्यात पत्र्यात ठेवू नको. मी पावसाळ्यानंतर बघतो माझं, मला काय घाई आहे. सुगतच्या डोक्यात पलंग होता, आणि चुलीपुढे पडलेली आई होती. खरं सांगायचं तर त्या क्षणी ‘बरं’ म्हणणं सगळ्यात सोपं होतं. आणि आई तिथेच बसली होती. तिने काही सुचवलं असतं तरी बरं झालं असतं.

सकाळी तो सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, घेऊन साइटवर गेला आणि मधली भिंत वरून फोडायला लागला.

थर सुटे सुटेच होते. सब्बल सांध्यात घातली की अख्खा थर उचलून यायचा. आवाज ऐकून पोरं जमली. मॅडम आल्या, काय करतोस म्हणाल्या. तो म्हणाला, मधली भिंत परत घालतोय, आमच्या दोघांची. मे जाईल यात, मॅडम म्हणाल्या. माहीत आहे, म्हणाला. त्या थोडा वेळ उभ्या राहिल्या, मग जाऊन हातमोजे घेऊन आल्या. अर्धी भिंत उतरली तेव्हा मल्लेश आला. त्याने सुगतच्या हातातली सब्बल काढून घेतली, कारण सुगत ती चुकीची धरत होता.

मे पत्र्याखालीच काढावा लागला. तो कसा काढला ते सांगायलाच पाहिजे, नाहीतर हे सगळं फार गोड वाटेल. पत्रा असा तापायचा की आत श्वास घेववत नव्हता. पोशक्का रोज सकाळी शीलाबाईंना सोबत घेऊन जायची आणि सुट्टीत रिकाम्या पडलेल्या शाळेच्या खिचडीघरात, जाड छताखाली, दुपारभर ठेवायची. एकदा तिथेही शीलाबाईंना गरगरलं. पोशक्काने ओल्या फडक्यात गुंडाळून झोपवलं आणि सुगतला बोलावलं. तो धावत गेला तर आई डोळे मिटूनच म्हणाली, “मी काय लोणी आहे वितळायला? जा, तुझा थर सुकून राहिला असेल.” तो गेला नाही, तिच्याजवळ बसला. त्याचा थर मल्लेशने पूर्ण केला. या वेळी दोघांच्या पिंपांत विरजण एकच होतं.

तलावाकडची दोन पोरं आपणहून पाणी वाहायला येऊ लागली. पहिल्या दिवशी लोकांनी टक लावून बघितलं, नंतर बघायचं सोडलं.

शेवटचा थर काल संध्याकाळी चढला. आता ओली पोती टाकून भिंत नुसती बसू द्यायची. या दिवसांत तिला हात लावायचा नाही, ठोकून बघायचं नाही. आत अब्जावधी जिवाणू आपापला खडा बसवत असतात, आणि ते काम दिसत नाही. तपासणी व्हायची आहे. दिवा हिरवा येईल का लाल, हे लिहिताना सुगतलाही माहीत नाही.

दोघं राखेच्या ढिगावर बसले होते. मल्लेशच्या तळहातांना फोड आले होते, तो ते फुंकत होता.

“लाल आला तर?” त्याने विचारलं.

“फोडू.”

“आणि मॅडमनं परत ते वेगळ्या भिंतीचं काढलं तर? मावशी आजारी हाय, सुगत. तू हो म्हणशील. म्हणायलाच पाहिजे. मी राग नाही धरणार.”

उगाच बोलून टाकायचं नव्हतं सुगतला. पत्र्याखालची दुपार आठवली, ओल्या फडक्यातली आई आठवली, ते सगळं मोजूनच तो बोलला.

“आईले मी पोशक्काजवळ ठेवीन, शाळेत ठेवीन, मॅडमच्या घरी ठेवायची वेळ आली तर तिथं ठेवीन. पण राहायले आपण एकाच दिवशी जाऊ, मल्लेश. तुझ्या घराले दार लागल्याशिवाय मी माझ्या घरात पाय नाही टाकणार. हे तुले मी आज सांगून ठेवतो.”